किती दमायचं?

दवाखान्यातून घरी सोडताना मला सांगितलं गेलं, "रोज थोडं थोडं चाला, पण दमू नका." पुढचे सात आठवडे मी त्या शेवटच्या दोन शब्दांच्या धाकात काढले.

वयाच्या ६१व्या वर्षी मला हृदयविकाराचा झटका आला. छातीत कळ आली, हात बधिर झाला, असं काही झालं नव्हतं. जबडा दुखत होता, मळमळत होतं आणि दोन जिने चढून आल्यावर लागलेली धाप काही केल्या उतरेना. बायकांच्या बाबतीत झटका पुष्कळदा असा आडवाटेनं येतो, हे मला नंतर कळलं. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. इकोच्या रिपोर्टवर ईएफ ४५ टक्के लिहून आलं. म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं ४५ टक्के दर ठोक्याला पुढे ढकललं जातं. निरोगी हृदयात हा आकडा साधारण ५०-५५च्या वर असतो. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, नुकसान आटोक्यात आहे. मी मान डोलावली, पण मनात 'नुकसान' एवढाच शब्द राहिला.

घरी आल्यावर मी चालायला निघायचे आणि पन्नास पावलांवर श्वास जरा जड झाला की थबकायचे. ही तीच धाप तर नाही? हळूहळू पन्नासाची तीस पावलं झाली, मग खोलीतल्या खोलीत फेऱ्या, मग त्याही नकोत. अंघोळ करून आले तरी पलंगावर आडवं व्हावं लागे. नवऱ्याचं लक्ष सतत माझ्या चेहऱ्यावर. दर अर्ध्या तासानं तोच प्रश्न: "बरं वाटतंय ना?" मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. 'दमू नका' या सूचनेत ना आकडा होता ना एकक, हे मला खटकायला हवं होतं. पण माणूस घाबरलेला असला की एवढं साधंही सुचत नाही.

पुढच्या तपासणीत हृदयरोगतज्ज्ञांनी माझी ही अवस्था पाहिली आणि चिठ्ठी लिहून दिली. एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टकडे जायचं. हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. फिजिओथेरपिस्ट माहीत होते, जिममधले ट्रेनर माहीत होते. हे त्यांच्यातलंच कुणीतरी असणार अशी माझी समजूत. तसं नाही. फिजिओथेरपिस्टचं काम मुख्यतः दुखापत, सांधे, स्नायू, शस्त्रक्रियेनंतर हालचाल पुन्हा आणणं यांभोवती असतं. ट्रेनर निरोगी माणसाला तयार करतो. व्यायामाचा भार पडल्यावर शरीरात आतमध्ये काय काय होतं, याचा अभ्यास हा एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टचा पाया. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, फुप्फुसांचे जुनाट आजार, हाडांची झीज, कॅन्सरच्या उपचारांनंतरचा थकवा अशा आजारांत कुणाला कोणता व्यायाम, किती आणि कसा, हे ते मोजून ठरवतात. कामांच्या सीमा एकमेकींत मिसळतात हे खरं, आणि पुष्कळ ठिकाणी हृदयरोग्यांच्या व्यायामाचं काम फिजिओथेरपिस्टच करतात. मला मिळालेल्या माणसाचं काम मात्र असं होतं.

जाण्याआधी फोनवर सांगितलं होतं ते असं: डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा आणि इकोचा रिपोर्ट, ताज्या रक्ततपासण्या, आणि सगळ्या गोळ्यांची यादी त्यांच्या मिलिग्रॅमसकट. सैल कपडे, पायात नीट बसणारे बूट. गोळ्या नेहमीच्या वेळी घेऊनच यायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. चाचणी आहे म्हणून आपण होऊन गोळी चुकवणारे लोक असतात, आणि मीही तोच विचार करत होते. गोळी घेऊन शरीर कसं वागतं हेच त्यांना बघायचं असतं, कारण रोजचं आयुष्य आपण गोळी घेऊनच काढणार असतो.

खोलीत एक ट्रेडमिल, एक सायकल, भिंतीला टेकवलेल्या दोन साध्या खुर्च्या आणि ईसीजीचा पडदा. समोर माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. मी तिला मॅडम म्हणायचं ठरवून गेले होते आणि शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिले; ती मला पहिल्या पाच मिनिटांतच काकू म्हणू लागली.

मला वाटलं होतं, गेल्या गेल्या ट्रेडमिलवर चढवतील. पहिला जवळजवळ अर्धा तास नुसतं बोलणं झालं. फॉर्म भरून झाले, त्यात विशेष काही नाही. नेहमीचेच प्रश्न असतात. मग तिनं विचारलं, "काकू, तुम्ही शेवटच्या कधी दमलात?"

मी झटक्याची संध्याकाळ सांगू लागले. ती मध्येच थांबवून म्हणाली, "तो आजार झाला. मी दमण्याबद्दल विचारतेय. काम करून, चालून, छान दमलात असं कधी झालं होतं?"

मला आठवेना. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "म्हणजे तुमच्या मनात दम लागणं आणि झटका येणं हे एकच होऊन बसलंय. आपल्याला ती दोन वेगवेगळी करायची आहेत. व्यायाम त्याच्यानंतर."

सात आठवड्यांत इतक्या लोकांनी मला धीर दिला होता, पण मला काय होतंय हे कुणी असं नेमकं सांगितलं नव्हतं. तिनं पुढे विचारलं, तुम्हाला काय करता यायला हवं आहे? मी म्हणाले, आमच्या घराचे दोन जिने. मध्ये न थांबता. तिनं ते फाइलवर सर्वांत वर लिहिलं, आजाराच्या नावाच्याही वर.

मग मोजमाप सुरू झालं. आधी बसल्या बसल्या रक्तदाब, नाडी, बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन. रक्तदाब १८०/११०च्या वर असता तर त्या दिवशी काहीच केलं नसतं, असं तिनं सांगितलं. ताप असेल, छातीत नव्यानं दुखत असेल, किंवा दोन-तीन दिवसांत वजन एकदम दोन किलोनं वाढून पाय सुजले असतील, तरी व्यायाम बंद ठेवायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. हात कुठेही न टेकता खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजलं. माझं नऊ झालं. साठी ओलांडलेल्या बाईचं निदान बारा तरी व्हायला हवं. मुठीची ताकद एका दांड्यासारख्या यंत्रावर मोजली, एका पायावर किती वेळ उभं राहता येतं ते पाहिलं.

आणि मग सहा मिनिटांची चाल. ३० मीटरच्या सरळ पट्ट्यात दोन्ही टोकांना खुणा ठेवलेल्या असतात. सहा मिनिटांत जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापायचं. पळायचं नाही. दम लागला तर थांबता येतं, पण घड्याळ चालू राहतं. ती माझ्याबरोबर चालली नाही, कडेला उभी राहिली. बरोबर चाललं की माणूस नकळत दुसऱ्याच्या वेगानं चालतो, म्हणून. दर मिनिटाला ठरावीक वाक्य बोलायची, "छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत," आणि त्याच्या पलीकडे एक शब्द नाही. उत्तेजनसुद्धा सगळ्यांना सारखंच द्यायचं असतं, नाहीतर आजच्या आणि तीन महिन्यांनंतरच्या आकड्याची तुलना होणार नाही. गणिताच्या शिक्षिकेला हे किती पटलं असेल! मी तीनदा थबकले, पाठ भिंतीला टेकवली, पुन्हा निघाले. दहा फेऱ्या आणि वर अठरा मीटर: एकूण ३१८ मीटर.

खरी चाचणी पुढच्या आठवड्यात होती. तिचं नाव सीपीईटी, म्हणजे श्रम करताना हृदय आणि फुप्फुसं मिळून कशी काम करतात हे मोजणारी चाचणी. सगळीकडे ती सोय नसते. कित्येक ठिकाणी ट्रेडमिलवरची ईसीजी चाचणी आणि सहा मिनिटांची चाल यांवरच व्यायाम ठरवतात आणि तेवढ्यावर काम भागतंही. पण मला ती मिळाली, आणि माझ्या बाबतीत सगळं तिथेच उलगडलं, म्हणून ती सविस्तर सांगते.

छातीवर ईसीजीच्या दहा चकत्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला चिमटा आणि तोंड-नाक घट्ट झाकणारा मास्क. मास्कला जोडलेलं यंत्र दर श्वासाला तुम्ही किती ऑक्सिजन घेतलात आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडलात हे मोजतं. मास्क लावला की पहिल्यांदा गुदमरल्यासारखं होतं. खरं तर हवा पुरेशी येत असते, पण नाकासमोर काहीतरी आहे ही जाणीवच पुरते. तिनं मला तो लावून पाच मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. कुणावर ही चाचणी करायची वेळ आली तर ही पाच मिनिटं मागून घ्या.

मास्कमधून बोलता येत नाही, म्हणून समोर एक तक्ता टांगलेला असतो. त्यावर ६ ते २० आकडे. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, ११ हलके, १३ काहीसे जड, १५ जड, १७ फार जड, २० म्हणजे याच्या पुढे शक्यच नाही. जितकं जड वाटतंय त्या आकड्यावर बोट ठेवायचं. मोजणी सहापासून का सुरू होते, हे मी मास्क लावण्याआधीच विचारून घेतलं. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं ही मोजपट्टी बनवली. निरोगी तरुण माणसाच्या बाबतीत आकड्याला दहानं गुणलं की साधारण नाडीचे ठोके मिळावेत, अशी ती बेतलेली आहे: ६ म्हणजे ६०, २० म्हणजे २००. माणसाला काय वाटतं आणि त्याचं हृदय काय करतंय, यांच्यातला पूल कुणीतरी इतक्या साध्या पाढ्यात बांधून ठेवलाय, हे मला फार आवडलं.

सायकल आधी मोकळी फिरवायची, मग दर मिनिटाला ५ वॉटनं भार वाढत जातो. पहिली चार मिनिटं काहीच वाटलं नाही. पाचव्या-सहाव्या मिनिटाला पाय भरून आले. मग श्वास वाढला, आणि पाठोपाठ ती ओळखीची भीती पोटातून वर आली. मी थांबण्याची खूण करायला हात उचलला. तिनं पडद्याकडे बघत शांतपणे म्हटलं, "काकू, ईसीजी स्वच्छ आहे. रक्तदाब वाढायला हवा तसा वाढतोय. ऑक्सिजन ९७. छातीत, जबड्यात, पाठीत काही दुखतंय का?" मी मान हलवली, नाही. "मग ही पायांची मागणी आहे. थांबायचं तर थांबू. पण तुम्हाला आणखी जमेल असं मला इथून दिसतंय."

मी आणखी दोन मिनिटं सायकल मारली. बोट १७वर ठेवलं. नवव्या मिनिटाला पाय थांबले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतलेल्या ऑक्सिजनपेक्षा बराच जास्त झाला होता. माणूस मनापासून आपल्या हद्दीपर्यंत गेला याची ही खूण, असं तिनं नंतर दाखवलं. सात आठवडे मी ज्या जागेला घाबरत होते, त्या जागी मी आत्ता पोहोचले होते.

आणि मग तिनं पडदा माझ्याकडे वळवला. "आता फक्त नाडी बघत राहा. पाय हळूहळू फिरू देत." १०४. ९९. ९३. एका मिनिटानं ८८. पहिल्या मिनिटात १२पेक्षा जास्त ठोके उतरले की ती चांगली खूण. तीन मिनिटांत श्वासही खाली आला. मी मास्कच्या आत रडत होते, तिनं तो काढला आणि काही न बोलता माझ्या हातात रुमाल दिला.

झटक्याच्या दिवशीची धाप बसलं तरी उतरत नव्हती. ही उतरली. कुणी शंभरदा समजावून सांगितलं असतं तरी जे पटलं नसतं, ते मी स्वतःच्या नाडीवर वाचलं.

रिपोर्ट समजावताना तिनं कागदावर अपूर्णांक मांडले. मी शिक्षिका आहे हे तिच्या लक्षात होतं. शांत बसलेलं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. याला एक मेट म्हणतात. माझी कमाल क्षमता १४.७ मिलिलिटर निघाली, म्हणजे ४.२ मेट. सपाटीवर सावकाश, ताशी ३ किलोमीटरच्या आसपास चालायला पावणेतीन मेट लागतात. जिना अगदी हळू चढायलासुद्धा ४ लागतात. "तुमच्याकडे एकूण ४.२ आहेत आणि जिना ४ मागतो," ती म्हणाली. "म्हणजे जिना चढताना तुम्ही कमाल ताकदीच्या पंचाण्णव टक्क्यांवर असता. मग धाप लागणारच. हृदय बिघडतंय म्हणून नाही. तुमचा छेद, म्हणजे अपूर्णांकातला खालचा ४.२, लहान झालाय म्हणून. आपण छेद वाढवायचा."

मी विचारलं, झटक्यानं तो इतका लहान झाला? ती म्हणाली, थोडा झटक्यानं, आणि बराचसा पलंगानं. मग तिनं १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये झालेल्या प्रयोगाची हकिगत सांगितली. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सलग अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयानं त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं केलं होतं. मग त्यांना सहा महिने व्यायाम दिला आणि वयानं नेलेलं परत मिळालं. मी मनातल्या मनात माझे सात आठवडे मोजले. विश्रांती म्हणून मी जे करत होते, त्यानं मला आणखी दुबळं केलं होतं. मला कुणाला दोष द्यायचा नाही, पण 'दमू नका' म्हणणाऱ्यानं रुग्णाला 'किती' तेही सांगावं, नाहीतर ज्याला सांगता येईल त्याच्याकडे पाठवावं, असं मला कळकळीनं वाटतं.

आणखी एक गोष्ट त्या कागदावर होती, ती हृदयविकाराच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकानं ऐकावी. २२०मधून वय वजा करून नाडीची कमाल काढायची, असं सूत्र सगळीकडे दिसतं. मनगटी घड्याळंही पुष्कळदा तेच वापरतात. माझ्यासाठी ते येतं १५९, आणि त्याच्या हिशेबानं 'मध्यम' व्यायाम १०२ ठोक्यांपासून सुरू होतो. पण मी बीटा ब्लॉकर घेते, ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. माझी प्रत्यक्ष कमाल १०४ होती. म्हणजे घड्याळाचं ऐकलं असतं तर रोज मी माझ्या शेवटच्या टोकावर चालले असते. हे सूत्र तसंही सरासरीचं आहे. निरोगी माणसातसुद्धा दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. म्हणून मला तिनं दोन मोजमापं दिली. नाडी ८० ते ८८, आणि तक्त्यावर ११ ते १३. दोन्ही जमेनात तर तिसरी खूण: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये.

असं ते प्रिस्क्रिप्शन. किती वेळा, किती जोरात, किती वेळ आणि कोणता व्यायाम, चारही गोष्टी गोळीसारख्या लिहून दिलेल्या. एकूण बारा आठवडे; दर आठवड्याला दोन दिवस तिच्या नजरेखाली, तीन दिवस घरी. सुरुवात फक्त दहा-दहा मिनिटांच्या दोन चालींनी, मध्ये विसावा. आधी वेळ वाढवायचा, वेग मागाहून. आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमांचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, हे जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेलं माप तिनं लांबवरचं ठिकाण म्हणून दाखवलं, आजचा हुकूम म्हणून नाही.

पहिल्याच आठवड्यात एक घोळ झाला. घरी चाल संपवून मी लगेच उभ्या उभ्या थांबले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. व्यायामात पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पिंढऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. पाय एकदम थांबले की रक्त खालीच साचतं, मेंदूकडे कमी पोहोचतं. शेवटची पाच-सात मिनिटं वेग उतरवत आणायची असतात ती यासाठी. तिनं हे सांगितलं होतं, मी ते उपचारापुरतं धरलं होतं. तेव्हापासून एकदाही चुकवलं नाही.

चौथ्या आठवड्यातली चूक याहून मोठी. एके दिवशी सकाळी अंगात इतकं हलकं वाटलं की वीस मिनिटांऐवजी चाळीस चालले, घरी येऊन कपाटं आवरली. पुढचे दोन दिवस उठवेना. भीती पुन्हा येऊन बसली. मला वाटलं ती रागावेल. तिनं वही मागवली. मी रोज मिनिटं, नाडी आणि तक्त्यावरचा आकडा लिहीत होते. तिनं त्या दिवसाच्या आकड्यांवर बोट ठेवलं: १४, १५, १५. "तुमच्या शरीरानं तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही ते लिहूनसुद्धा ठेवलंत. आता लिहिण्याआधी ऐकायचं." चांगल्या दिवशी जास्त आणि वाईट दिवशी शून्य, असं केलं की क्षमता वाढत नाही, दोन्ही दिवशी जवळजवळ सारखं करायचं. वर्षानुवर्षं घर आणि शाळा सांभाळताना 'आज जमतंय तर सगळं उरकून टाकू' ही सवय अंगात मुरलेली. ती मोडणं मला चालण्यापेक्षा कठीण गेलं.

पाचव्या आठवड्यापासून ताकदीचे व्यायाम आले. खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, रबरी पट्टा ओढणं, टाचा उचलणं. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, हा इथला मुख्य नियम. जोर लावताना तोंडानं श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झरकन वर जातो. तेव्हा कळलं, मी पाण्याची बादली उचलताना, कपाट सरकवतानासुद्धा आयुष्यभर श्वास कोंडतच आले आहे. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या. त्याबद्दल तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घाबरले नाही.

धोक्याच्या खुणांचा कागद पहिल्या दिवसापासून वहीला चिकटवलेला होता. छातीत दाब, जबड्याकडे, हाताकडे किंवा पाठीकडे जाणारं दुखणं, चक्कर, छातीत अनियमित धडधड, थांबूनही न उतरणारी धाप. यातलं काही झालं की जागच्या जागी बसायचं, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची, आणि पाच मिनिटांत आराम पडला नाही तर रुग्णवाहिका बोलवायची. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. तिनं हे नवऱ्यालाही समोर बसवून सांगितलं. काय झालं तर काय करायचं हे पक्कं कळल्यापासून त्याची माझ्या चेहऱ्यावरची नजर जरा सैल झाली.

बाराव्या आठवड्यात सगळ्या चाचण्या पुन्हा झाल्या. तोच पट्टा, तीच ठरावीक वाक्यं: ४०२ मीटर, एकदाही न थांबता. या चाचणीत तीसेक मीटरची वाढसुद्धा रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवते म्हणतात; माझी ८४ होती. खुर्चीतून उठणं नऊवरून तेरा. मास्कची चाचणी: १७.५ मिलिलिटर, बरोबर पाच मेट. तिनं कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. मीच लिहिलं: ४ भागिले ५, ऐंशी टक्के.

ईएफ मात्र ४५वरून ४८पर्यंतच आला होता. मी थोडी हिरमुसले. ती म्हणाली, वाढ झालीय ती बरीचशी पायांत झालीय. स्नायूंत केशवाहिन्या वाढल्या, पेशींमध्ये ऑक्सिजन जाळणारी यंत्रणा वाढली, म्हणून हृदयानं पाठवलेल्या प्रत्येक थेंबातून स्नायू आता जास्त ऑक्सिजन काढून घेतात. हृदयाला तेच काम कमी कष्टात होतं. पण व्यायाम सोडला तर हे सगळं काही आठवड्यांत ओसरायला लागतं, हेही तिनं तितक्याच स्पष्टपणे सांगितलं.

आता तिच्याकडे तीन महिन्यांतून एकदा जायचं आहे. तक्त्याची एक प्रत तिनं मला दिली, ती जिन्याच्या दारामागे लावली आहे.

काल बाहेरून आलो. दोन्ही जिने चढून मी दाराशी पोहोचले. श्वास वाढला होता, बोलता येत होतं. नवरा मागून येत होता. 'बरं वाटतंय ना' हे त्यानं विचारलं नाही. हल्ली तो विचारतच नाही.

"किती?" तो म्हणाला.

"तेरा," मी म्हणाले. आणि कुलूप उघडेपर्यंत बारा.